शिळेवरचं गाठोडं

"दे इकडं," सासूबाई म्हणाल्या, आणि मी देते की नाही याची वाट न बघता त्यांनी माझ्या हातातली गोळ्यांची बाटली काढून घेतली.

आम्ही खाडीमातेच्या कपेलात उभ्या होतो. आमचं सांडोळी हे वसईकडचं खाडीकाठचं गाव, वस्ती सगळी ख्रिस्ती. मोठं देऊळ, म्हणजे चर्च, आत, केळीच्या वाड्यांमध्ये. आणि अगदी पाण्याच्या तोंडाशी हे एवढंसं कपेल, छोटं प्रार्थनाघर. मे महिन्यात मातेचा सण असतो, त्याच्याआधी नऊ संध्याकाळी नोव्हेनाची प्रार्थना चालते, आणि त्या दिवशी तिला सुरुवात होती. वेदीखाली एक काळी शिळा आहे. तिच्यावर बायकांनी आपापली औषधं आणून ठेवली होती. आमच्या शेजारच्या कैतानबाईंचं दम्याचं औषध, कुणाचं गुडघ्याला चोळायचं तेल, कुणाचा पोटाचा काढा. सासूबाईंनी लुद्विनाची बाटली त्यांच्यात नीट उभी केली आणि क्रूसाची खूण केली. नोव्हेना संपेपर्यंत त्या बाटलीला कुणी हात लावायचा नाही, अशी आमच्या गावची रीत होती.

लुद्विना माझी थोरली. तेव्हा सहा वर्षांची होती. तिला फिट यायची. पहिल्यांदा आली तेव्हा भाताचं पातेलं माझ्या हातातून सुटलं होतं, एवढंच आठवतं. खाडीपलीकडं मठातल्या सिस्टरांचा दवाखाना होता, तिथल्या डॉक्टर सिस्टरने गोळ्या दिल्या आणि फिट थांबली. पण देताना तिने माझा हात धरून सांगितलं होतं की ही गोळी चुकवायची नाही, आणि एकदम बंद तर मुळीच करायची नाही, पोरीच्या जिवावर बेतेल. सासूबाई तेव्हा शेजारीच उभ्या होत्या. त्यांनीही मान डोलावली होती.

त्या काही वाईट बाई नव्हत्या, हे आधीच सांगते. नातालबाई म्हटलं की अख्खी आळी मान द्यायची. ऐन तारुण्यात नवरा गेला, एकटीने वाडी कसली, माझ्या नवऱ्याला शिकवलं. लुदू तर त्यांच्या डोळ्यातली बाहुली. तिला घास भरवल्याशिवाय स्वतः जेवायच्या नाहीत. म्हणूनच तर त्यांना गोळ्या नको होत्या. पोरीने जन्मभर गोळ्या गिळायच्या, पुढं तिचं लग्न कोण करणार, ही चिंता त्यांना आत आत खात होती. खाडीमातेने पोरीला कायमचं बरं करावं, असा त्यांनी नवस केला आणि मला सांगितला तो केल्यानंतर.

माझा नवरा बावतीस बोटीवर नोकरीला, तो तेव्हा कुठल्या समुद्रात होता कोण जाणे. मला दुसऱ्यांदा दिवस गेलेले आणि भरत आलेले. फादर मार्कूस असते तर त्यांच्याकडे धावले असते, पण ते नेमके त्या आठवड्यात सगळ्या फादरांबरोबर ध्यानशिबिराला गेलेले.

आणि खरं सांगायचं तर मी गोळ्यांसाठी भांडले नाही याचं कारण सासूबाई नव्हत्या. मला मातेची भीती वाटत होती. गोळी दिली तर मातेवर माझा विश्वास नाही असं होणार, आणि पोरीला काही झालं तर ते माझ्या अविश्वासाने झालं असं मीच मला म्हणणार. नाही दिली तर सिस्टरचा शब्द कानात घुमणार. इकडे आड आणि तिकडे विहीर, आणि मधे माझी पोर.

आमच्या कपेलाची गोष्ट सांगितल्याशिवाय तुम्हाला यातलं काही कळायचं नाही. नोव्हेनात दर संध्याकाळी जपमाळ झाली की ती गोष्ट सांगायची असते, आणि सांगायचा मान सासूबाईंचा. फार पूर्वी आमच्या गावात एक विधवा होती. तिची एकुलती एक पोर तापाने फणफणली, डोळे फिरवून लाकडासारखी ताठ झाली. आईने तिला खांद्यावर टाकलं, डोक्यावर गाठोडं घेतलं आणि संध्याकाळच्या वेळी ती खाडीवर आली. भरती चढत होती, होडी नव्हती, हाकेला ओ द्यायला माणूस नव्हतं. तेव्हा तिने डोक्यावरचं गाठोडं काठावरच्या शिळेवर ठेवलं आणि मातेला हाक मारली. आणि चढतं पाणी थांबलं, मागं सरलं, गुडघ्याएवढं झालं. बाई पोरीला घेऊन चालत पलीकडे गेली. पलीकडच्या काठावर पोरीने डोळे उघडले आणि पेज मागितली. पुढं पोर मोठी झाली, आणि त्या शिळेवर आईने हे कपेल बांधलं.

सासूबाई सांगायला लागल्या की अंगावर काटा यायचा. पाणी थांबलं, असं म्हणताना त्या हात असा आडवा धरायच्या की बायका श्वास रोखून त्या हाताकडे बघत राहायच्या. त्या गाठोड्यात तिच्या पोरीची औषधं होती, असं सगळे म्हणायचे. माणसाचा उपाय तिने खाली ठेवला, तेव्हा कुठं माता धावली. औषधं शिळेवर ठेवायची रीत यातूनच पडली होती.

फादर मार्कूसना ही रीत पसंत नव्हती. आदल्या वर्षी प्रवचनात त्यांनी सांगितलं होतं की चमत्काराची गोष्ट ऐकताना सगळ्यांचे डोळे पाण्याकडे लागतात, जरा त्या बाईकडेही बघत चला. बायकांनी माना डोलावल्या आणि संध्याकाळी आपापल्या बाटल्या शिळेवर नेऊन ठेवल्या. बाईकडे काय बघायचं, ते मलाही तेव्हा कळलं नव्हतं.

पहिले काही दिवस लुदूला काहीच झालं नाही. उलट ती जास्त टवटवीत दिसायला लागली, कारण गोळीची गुंगी उतरली होती. दिवसभर कोंबड्यांमागे धावायची, खळखळून हसायची. सासूबाईंना तर आभाळ ठेंगणं झालं. सणाच्या दिवशी मिस्सेच्या प्रार्थनेनंतर सगळ्या गावापुढं चमत्काराची साक्ष द्यायची असं त्यांनी ठरवूनही टाकलं, आणि कैतानबाईंनी ती बातमी अख्ख्या आळीत पोचवली. विहिरीवर बायका मला विचारायच्या, पास्कोलिन, झाली ना गं पोर बरी? मी हो म्हणायची. आणि घागर उचलून भराभर घरी यायची.

माझं कामात लक्ष लागेना. लुदू जरा गप्प बसली की मी हातातलं टाकून बघायला जायची. तिने डोळे चोळले तरी मी तिला उजेडात नेऊन बघायची. जेवताना तिच्या हातून घास सांडला तर मी तिचा हात धरून बोटं हलतात का बघायची, आणि ती खुदकन हसायची. एकदा धीर करून मी सासूबाईंना म्हटलं की कपेलाची किल्ली तुमच्याकडेच आहे, अर्धी गोळी तरी देऊया, मातेला काय राग यायचाय.

सासूबाई केळीची पानं पुसत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

"तुला काय वाटतं, मला भीती वाटत नाही?" त्या म्हणाल्या. "मी दिवसभर तिच्या श्वासावर कान ठेवून असते. पण आता मागं फिरले आणि पोरीला काही झालं, तर मातेला तोंड कसं दाखवू?"

घाबरलेल्या माणसाची समजूत दुसऱ्या घाबरलेल्या माणसाने कशी घालायची?

सण दोन-तीन दिवसांवर आला आणि भर दुपारी, ऊन नुसतं भाजत असताना, लुदू ओटीवर चिंचोके खेळता खेळता आडवी झाली. मला वाटलं लोळतेय. मग तिची टाच फरशीवर आपटायला लागली.

मी धावले, तिला कुशीवर वळवलं. डोळे वर गेलेले, दात घट्ट, तोंडातून फेस. कैतानबाई आवाज ऐकून आल्या, त्यांनी कांदा फोडून नाकाशी धरला, मग चप्पल धरली. पूर्वी फिट यायची तेव्हा थोड्या वेळाने सुटायची आणि लुदू दमून झोपायची. या वेळी सुटली. मी हुश्श केलं. आणि तिने डोळे उघडायच्या आतच दुसरी आली. मग तिसरी. मधे पोर शुद्धीवर येतच नव्हती. ओठ निळे पडत चालले होते, आणि दर खेपेला तिच्या घशातून असा आवाज यायचा की तो मी अजून विसरले नाही.

"धीर धरा," कैतानबाई म्हणत होत्या. "माता परीक्षा बघतेय. नेमकं आता मागं सरायचं नाही."

सासूबाई पोरीच्या उशाशी गुडघ्यांवर बसल्या होत्या. जपमाळ हातात होती, पण मणी पुढं सरकत नव्हता. मग त्यांनी गोष्ट म्हणायला सुरुवात केली. प्रार्थना सुचत नव्हती म्हणून असेल, किंवा तीच त्यांची खरी प्रार्थना होती म्हणून असेल. विधवेची पोर ताठ झाली, तिने पोरीला खांद्यावर टाकलं, गाठोडं घेतलं, खाडीवर आली. गोष्ट शब्दाशब्दाने पुढं चालली होती. भरती चढत होती, होडी नव्हती.

मी पोरीचं डोकं मांडीवर धरून ऐकत होते. इतकी वर्षं ऐकलेली गोष्ट, पण त्या दुपारी माझ्या मांडीवर तशीच पोर होती. आणि मला एकदम त्या बाईचे पाय दिसले. खाडीकडे भराभर चाललेले पाय.

"आय," मी म्हटलं, "ती कुठं निघाली होती?"

सासूबाई थांबल्या. गोष्ट मधे तोडलेली त्यांना कधी चालायची नाही.

"कुठं म्हणजे? कपेलात, मातेपाशी."

"कपेल तिने नंतर बांधलं. तुम्हीच सांगता. तेव्हा तिथं नुसती शिळा होती."

"मग देवळात निघाली असेल."

"देऊळ आत गावात आहे, आय. देवळात जायचं तर ती वाडीकडे वळली असती. मरणाच्या दारातली पोर घेऊन, भरतीच्या वेळी, ती खाडीत कशाला उतरली?"

कैतानबाई मला गप्प करायला लागल्या की वेळ काय, हे बोलणं काय. सासूबाईंनी हात वर करून त्यांनाच थांबवलं. त्या माझ्याकडे बघत होत्या, पण मला बघत नव्हत्या. ओठ हलत होते. जन्मभर सांगितलेली गोष्ट त्या मनातल्या मनात पहिल्यापासून चालत होत्या असं मला वाटलं.

"पलीकडं वैद्य होता," त्या अगदी हळू म्हणाल्या. "माझी आजी सांगायची. गावातलं कुणी फार आजारी पडलं की पलीकडं न्यायचे."

लुदूच्या अंगातून पुन्हा झटका गेला. सासूबाई उठल्या. साठी उलटलेली बाई, गुडघे धरायचे तिचे, पण कशाला न धरता उठल्या. आत जाऊन पिशवीत पोरीचे कपडे भरले, तीर्थाची बाटली टाकली आणि घरातली मातेची मूर्ती टॉवेलात गुंडाळून वर ठेवली. पिशवी हाताला अडकवली, लाल लुगड्याचा काचा खोचला आणि वाकून लुदूला खांद्यावर घेतलं.

कैतानबाई दारात आडव्या आल्या. "नातालबाई, नवस मोडतेयस तू."

"वाट सोड," सासूबाई म्हणाल्या.

मी मागून निघाले. पोट घेऊन धावता येत नव्हतं, तरी जमेल तशी धावत होते. वाट तापलेली, पायात चप्पल नाही, पण चटका लागल्याचं मला दवाखान्यात टेकल्यावर कळलं. पुढं सासूबाईंच्या खांद्यावर माझ्या पोरीचा एक हात लोंबत होता आणि धक्क्याधक्क्याने उडत होता. तो उडतोय तोवर ती आहे, एवढंच मी मनाशी म्हणत होते. कपेलावरून आम्ही गेलो तेव्हा सासूबाईंनी मान वळवून तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

धक्क्यावर आलो. पूर्ण ओहोटी होती. पाणी पार मधल्या पन्हाळीत गेलेलं, आणि धक्क्यापासून तिथपर्यंत नुसता काळा चिखल. दुमिंग तांडेलाची होडी तिकडे पाण्यात उभी, आणि दुमिंग तिच्यात टोपी तोंडावर घेऊन झोपलेला. मी हाका मारल्या. पुन्हा मारल्या, तेव्हा तो उठला आणि त्याने हाताने खूण केली की होडी अलीकडे येणार नाही, तुम्हीच या.

माझ्या तशा अवस्थेत चिखलात उतरणं म्हणजे दोन जीव घालवणं. सासूबाईंनी मला धक्क्याच्या कडेची, पाण्यापर्यंत गेलेली दगडांची रांग दाखवली, तिच्यावरून बसत बसत ये म्हणाल्या. आणि स्वतः सरळ उतरल्या, कारण दगडांवरून पोर घेऊन तोल राहिला नसता.

पहिल्या पावलांना चिखल घोट्यापर्यंत होता. मग गुडघ्यापर्यंत. एक पाय उपसून काढायचा, पुढं टाकायचा, तो रुतला की दुसरा उपसायचा. मी दगडांवरून सरकत त्यांच्याकडे बघत होते. अर्ध्या वाटेत लुदूला पुन्हा फिट आली. अंग धनुष्यासारखं ताणलं आणि ती खांद्यावरून घसरायला लागली. सासूबाईंनी एका हाताने तिला दाबून धरलं. दुसऱ्या हाताला पिशवी. पोर घसरत होती, पिशवी कोपराला ओढत होती, आणि त्या स्वतः कलत चालल्या होत्या. मी ओरडले की आय, ती पडतेय.

सासूबाईंनी पिशवीकडे पाहिलं. वर टॉवेलात मातेची मूर्ती होती. त्यांच्या आईने त्यांना लग्नात दिलेली, रोज फुलं वाहिलेली मूर्ती. एक क्षण गेला असेल. त्यांनी हात खाली केला, पिशवी चिखलावर ठेवली आणि दोन्ही हातांनी पोरीला छातीशी आवळलं.

तशाच उभ्या राहिल्या. मग मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"पास्कू," त्या म्हणाल्या, "तिने गाठोडं यासाठी ठेवलं गं. पोर एका हाताने धरवत नाही."

आणि पुढं निघाल्या. मोकळ्या हातांनी त्यांना चालायला जमलं. दुमिंग कंबरभर पाण्यात उतरून पुढं आला, त्याने लुदूला घेतलं, मग मला दगडांवरून उचलून होडीत बसवलं. पलीकडे दवाखान्यात डॉक्टर सिस्टरने एका नजरेत ओळखलं. इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला, आणि मग भिंतीला टेकून उभ्या असलेल्या, कमरेपर्यंत काळ्या चिखलाने माखलेल्या माझ्या सासूबाईंना इतकं बोलली, इतकं बोलली, की ऐकवेना. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी एवढंच विचारलं की वाचेल ना? सिस्टर म्हणाली, आता आणलीत म्हणून.

सणाच्या आदल्या दिवशी सिस्टरने आम्हाला घरी सोडलं. लुदू वाचली होती, पण जीभ जड झाली होती. शब्द धड उमटत नव्हता, तोंडाची एक बाजू किंचित ओढल्यासारखी. महिन्याभरात ते सगळं गेलं; आज ती दोन मुलांची आई आहे आणि बाजारात बोलण्यात कुणालाही ऐकत नाही. पण त्या दिवशी हे आम्हाला ठाऊक नव्हतं. ती जन्मभर अशीच राहणार, असं समजूनच मी तिला कडेवर घेऊन सणाच्या मिस्सेला गेले.

कपेल बाहेरपर्यंत भरलं होतं. फादर मार्कूस आदल्या संध्याकाळीच शिबिरावरून परतले होते. बायका लुदूच्या तोंडाकडे बघत होत्या आणि मी बघितलं की नजर वळवत होत्या. नवस मोडला, असं कुणीतरी माझ्या मागं पुटपुटलं. मला वाटत होतं, सासूबाईंनी आज उठू नये. ठरलेली साक्ष आहे हे विसरून जावं, फादरांनीही विसरावं, आणि आम्ही गुपचूप घरी जावं. त्यांना लोक काय काय बोलतील, ते मला ऐकायचं नव्हतं.

मिस्सा संपली आणि सासूबाई उठल्या. वेदीपाशी गेल्या. गोष्ट सांगताना त्या नेहमी पाण्यापाशी हात आडवा धरायच्या, पण त्या दिवशी हात पदरात घट्ट धरलेले होते. एवढ्या बायकांना दरवर्षी रडवणारी बाई, तिला सुरुवात सापडेना.

"माझी नात अजून बोलत नाही," त्या म्हणाल्या. "पुढं काय होईल ते मला माहीत नाही. पण मातेने चमत्कार केला, त्याची मी साक्ष देते."

कपेलात कुजबुज झाली. समोर बसलेल्या कैतानबाईंनी विचारलंच, "कुठला चमत्कार, नातालबाई?"

सासूबाईंनी माझ्या कडेवरच्या पोरीकडे पाहिलं.

"आम्ही पोचलो," त्या म्हणाल्या.